ब्रेक तळाला गेला, आणि खरेदीची यादी बदलली: एका ट्रॅकवरच्या बीआरझेडचं प्रकरण

गाडी २०१३ ची सुबारू बीआरझेड. दोन लिटरचं इंजिन, २०० अश्वशक्ती, वजन साधारण १,२५० किलो, मागच्या चाकांवर चालणारी. मालक माझा धाकटा मावसभाऊ, राहणार सनीव्हेल, कॅलिफोर्निया. गाडी त्याने जुनी घेतलेली, आधीच्या मालकाकडची सर्व्हिसची कागदपत्रं अर्धवट. ट्रॅक मॉन्टेरेजवळचा लागुना सेका, ३.६ किलोमीटरचा, अकरा वळणांचा. आणि तक्रार अशी: दुपारच्या सेशनच्या अखेरच्या लॅप्समध्ये ब्रेकचं पेडल मऊ पडत गेलं आणि दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी ते जवळजवळ तळाला टेकलं. त्याने पटकन दोन-तीनदा पंप मारला, पेडल थोडं वर आलं, गाडी वळणाच्या बाहेर मातीत उतरली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही.

त्याच रात्री त्याचा फोन. "दादा, मोठी ब्रेक किट बघून ठेवलीये. चार पिस्टनचे कॅलिपर, मोठ्या डिस्क. ऑर्डर टाकू का?" डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोरावर तिच्यावर पॅड दाबणारा चिमटा. किट दोन हजार डॉलरच्या वरची होती. मी त्याला थांबवलं, कारण पेडल तळाला जाणं आणि ब्रेक छोटे असणं यांचा थेट संबंध नाही. पेडल काय सांगतंय ते आधी नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

पेडल मऊ की कडक?

ब्रेक "गेले" असं आपण सरसकट म्हणतो. पण ट्रॅकवर ते दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी जातात आणि पायाला ते वेगळे कळतात.

पहिल्या तऱ्हेत पेडल कडक राहतं, जागच्या जागी असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी मात्र पुढे पळतच राहते. हे पॅडचं दुखणं. पॅडमधलं मटेरियल एकत्र धरून ठेवणारं रेझिन ठरावीक तापमानाच्या वर जळायला लागतं, त्यातून वायू सुटतो, घर्षण कोसळतं. बोरघाट उतरताना पुढच्या लोडेड ट्रकच्या चाकांतून जो जळका वास येतो, तो याच गोष्टीचा.

दुसऱ्या तऱ्हेत पेडल मऊ पडतं, खाली खाली जातं आणि पंप मारला की थोडं वर येतं. हे ब्रेक ऑइलचं दुखणं. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर पायाचा जोर कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोचतो. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पायाचा सगळा प्रवास बुडबुडे चेपण्यात खर्च होतो, पिस्टन जेमतेम हलतो. गाडी थंड झाली की वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल बऱ्यापैकी परत येतं. हीच यातली धोक्याची गोष्ट. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेत, अर्धा तास उभी केल्यावर पेडल ठीक वाटतं आणि माणूस पुढच्या सेशनला पुन्हा बाहेर पडतो.

भावाचं वर्णन दुसऱ्या तऱ्हेचं होतं, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. पंप मारल्यावर पेडल वर आलं हा एकच तपशील पुरेसा होता. म्हणजे संशयित क्रमांक एक ब्रेक ऑइल. मग प्रश्न उरला तो असा: ऑइल उकळेपर्यंत उष्णता आली कुठून, आणि ती चारही चाकांवर सारखी होती की एकाच?

उष्णतेचा हिशेब

हा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे, कारण त्यातून पुढचे सगळे निर्णय निघाले.

लागुना सेकात मुख्य स्ट्रेट संपताना रस्ता पहिल्या वळणाच्या उंचवट्यावरून जातो आणि दुसऱ्या वळणाकडे उतरतो. म्हणजे सगळ्यात जोराचं ब्रेकिंग उतारावर. बीआरझेड तिथे ताशी १८० किलोमीटरच्या आसपास पोचते आणि वळणासाठी ७० पर्यंत खाली यावी लागते. ड्रायव्हरसकट गाडी १,३५० किलो धरली, तर या एका ब्रेकिंगमध्ये साधारण १४ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. वारा आणि इंजिन त्यातलं थोडं खातात, बाकी सगळं ब्रेकच्या वाट्याला. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, म्हणून त्यातला सत्तर टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे एकेका डिस्कवर पाच लाख ज्यूलच्या आतबाहेर. पुढची डिस्क सात किलोच्या आसपास धरली, तर बिडाच्या त्या चकतीचं तापमान एका ब्रेकिंगला सव्वाशे ते दीडशे अंश सेल्सिअसने चढतं. त्यानंतर पाचव्या वळणाला पुन्हा, कॉर्कस्क्रू नावाच्या तीव्र उताराच्या वळणाआधी चढावर पुन्हा, शेवटच्या अकराव्या वळणाला पुन्हा. लॅप पावणेदोन-दोन मिनिटांचा, सेशन वीस मिनिटांचं. दोन ब्रेकिंगच्या मधल्या स्ट्रेटवर डिस्क जेवढी निवते, त्याहून जास्त तापते. काही लॅप्सनंतर ती एका पातळीवर स्थिरावते, आणि ती पातळी रस्त्यावरच्या साध्या पॅडना आणि जुन्या ऑइलला झेपणारी नसते.

इथे एक जुनी गोष्टही लक्षात आली. गाडी मुळात मिशेलिन प्रायमसीसारख्या साध्या टायरवर येते. भावाने वर्षभरापूर्वी ट्रेडवेअर २०० चे (हा आकडा जितका लहान, तितका टायर लवकर झिजणारा) चिकट टायर टाकले होते, पण ब्रेकला हात लावला नव्हता. चिकट टायरवर वळणातून जास्त वेगाने बाहेर पडता येतं, ब्रेक उशिरा आणि जोरात मारता येतो. जास्त उष्णता कमी वेळात डिस्कच्या पृष्ठभागावर येते आणि दोन ब्रेकिंगमधला निवण्याचा वेळही घटतो. टायर आधी आणि ब्रेक नंतर हा क्रम ट्रॅकवर नव्याने जाणाऱ्या बऱ्याच जणांचा असतो. माझ्या मते तो उलटा हवा.

मोठ्या किटबद्दलचं उत्तरही याच हिशेबात होतं. मूळ ब्रेक या टायरवर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत चाक रोखू शकत होते. म्हणजे जोर कमी नव्हता. पहिल्या ब्रेकिंगला थांबण्याचं अंतर टायर ठरवतो, कॅलिपरमध्ये किती पिस्टन आहेत ते नाही. मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते आणि लवकर निवते, हा तिचा खरा फायदा. पण कॅलिपर बदलला की पिस्टनचं क्षेत्रफळ बदलतं. ते मूळ मास्टर सिलिंडरशी (पेडलचा जोर ऑइलवर घालणाऱ्या भागाशी) जुळलं नाही तर पेडलचा प्रवास वाढतो, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकमधला तोल बिघडतो, जो एबीएसच्या हिशेबात धरलेला असतो. सुबारूने २०१७ पासून याच गाडीला जो परफॉर्मन्स पॅक दिला, त्यात पुढे ३२६ मिलिमीटरच्या डिस्क आणि चार पिस्टनचे ब्रेम्बो कॅलिपर आले, पण मागचेही सोबत बदलून. फक्त पुढचं बदलून मोकळं होणाऱ्या किटबद्दल म्हणूनच मला धाकधूक वाटते.

चाक काढल्यावर

पुढच्या शनिवारी त्याच्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली, चारही स्टँड लावले, गाडी हलवून बघितली आणि मगच चाकं काढली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीजवळ हात घालायचा नाही, हे इथे सांगायला नको, तरी सांगतो. काका, म्हणजे भावाचे वडील, तेव्हा पुण्याहून आलेले होते. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये नोकरी झालेली. त्यांनी खुर्ची टाकून दाराशी बैठक मारली आणि बोल्ट कुठल्या क्रमाने सोडले ते आम्हाला टेपवर चिकटवून ठेवायला लावलं.

डावं पुढचं चाक सरळ होतं. पॅड घासलेले, पण आतला आणि बाहेरचा जवळपास सारखा.

उजव्या बाजूला मात्र प्रकरण उघडं पडलं. आतल्या पॅडचं मटेरियल तीन मिलिमीटर उरलेलं, बाहेरच्या पॅडचं सात. शिवाय आतला पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. पाचर असते तसा. कॅलिपर हाताने पुढे-मागे सरकवून बघितला, तर वरच्या पिनवर तो हलत होता आणि खालच्या पिनवर अडकत होता.

या गाडीचे पुढचे कॅलिपर सरकते आहेत. दोन्ही पिस्टन एकाच, आतल्या बाजूला. ते आतला पॅड डिस्कवर दाबतात, आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड नुसता टेकतो, सगळं काम आतल्यावर पडतं आणि ब्रेक सोडल्यावरही तो पुरता सुटत नाही. आतला पॅड पातळ होतो, आणि पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही. ती सरळ पिस्टनमध्ये आणि पिस्टनमागच्या ऑइलमध्ये शिरते. ऑइल उकळायला याहून सोयीची जागा नाही.

खालची पिन पक्कड लावून, गोल फिरवत फिरवत बाहेर काढावी लागली. तिच्या टोकाला रबराची एक बारीक नळी असते, ती फुगून भोकात बूच बसावं तशी बसली होती. कारण लगेच दिसलं: पिनवर तांबूस, चिकट, साधं ग्रीस होतं. खनिज तेलावरचं ग्रीस या रबराला फुगवतं. इथे सिलिकॉनचं, रबराला चालणारं आणि उष्णता सोसणारं ग्रीसच लागतं. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्या तरी गॅरेजने पॅड बदलताना हाताशी होतं ते ग्रीस फासलं असणार. पिन, रबर आणि बूट (धूळ अडवणारं रबरी आवरण) यांचा संच फार थोड्या पैशांत मिळतो. दोन्ही बाजूंचे नवे मागवले.

मग ऑइल. टाकीतलं वरवर ठीक दिसत होतं, पण उजव्या कॅलिपरच्या निपलमधून (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या स्क्रूमधून) काढलेलं पहिलं ऑइल काळपट तपकिरी आणि गढूळ होतं. ग्लायकॉलवरचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू पडतो. डॉट ३ प्रमाणाचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळलं पाहिजे आणि ओलसर झाल्यावर किमान १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ट्रॅकवर तापलेल्या कॅलिपरमध्ये दीडशे-पावणेदोनशे अंश म्हणजे नेहमीची गोष्ट. वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल, त्यात अडकलेली पिन. दुसऱ्या वळणावर पेडल तळाला गेलं यात नवल उरलं नाही.

काय घेतलं, काय नाही

यादी छोटी झाली. रेसिंगचं डॉट ४ ऑइल, मोट्युल आरबीएफ ६००, ज्याचा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. कॅस्ट्रॉल एसआरएफ ओलसर झाल्यावरही जास्त टिकतं, पण चांगलंच महाग आहे, आणि वर्षातून काही वेळा जाणारा माणूस ऑइल वरचेवर बदलू शकतो. सिलिकॉनच्या डॉट ५ ला हात लावला नाही. ते या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीला चालत नाही. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ ही वेगळी चीज आहे, ती ग्लायकॉलचीच.

पॅड ट्रॅकचे घेतले, पुढे आणि मागे एकाच कंपनीचे, मागचे एक पायरी सौम्य. फक्त पुढे जहाल पॅड टाकले तर पुढची चाकं आधी एबीएसमध्ये जातात आणि मागचे ब्रेक आळशी राहतात.

डिस्क साध्या, बिनभोकाच्या. भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात छान, पण ट्रॅकच्या उष्णतेत तडे नेमके भोकांच्या काठाशी सुरू होतात. जुन्या डिस्कची जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीच्या वर होती. तरी उजव्या डिस्कवर पॅडचे निळसर-काळे डाग बसले होते आणि बारीक रेषा उमटल्या होत्या. नख अडकत नव्हतं, पण साधी डिस्क स्वस्त असताना वाद कशाला.

रबरी होजच्या (कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या लवचीक नळ्यांच्या) जागी स्टीलची जाळी गुंडाळलेले होज घेतले, तेही गाडीचं वय बघून. नवे होज थांबण्याचं अंतर कमी करत नाहीत, पेडल थोडं घट्ट करतात. दहा वर्षांहून जुन्या रबरावर ट्रॅकचा भरवसा टाकायला मात्र मी तयार नव्हतो.

हवेचे डक्ट (डिस्कवर वारा आणणारे पाइप) आणि मोठी किट, दोन्ही यादीतून बाहेर. आधी मोजायचं, मग ठरवायचं.

काम

बहुतेक काम कंटाळवाणं आहे आणि तसंच असायला हवं. ब्रेकची धूळ फुंकर मारून उडवायची नाही, क्लीनरने ओली करून पुसायची. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते पूर्ण धुऊन काढायचं. हबचा गंज वायर ब्रशने घासायचा, कारण तिथे कणभर खपली राहिली तरी डिस्क वाकडी बसते आणि पुढे पेडल थरथरतं.

पिस्टन मागे ढकलताना निपल उघडी ठेवली आणि नळी बाटलीत सोडली. नाहीतर कॅलिपरमधलं सगळ्यात घाण ऑइल उलटं एबीएसच्या युनिटात जातं. पिस्टन हळू आणि सरळ आत गेले, त्यांचे रबरी बूट फाटलेले नव्हते. फाटलेले असते तर कॅलिपर पूर्ण खोलावा लागला असता आणि काम त्या दिवशी तिथेच थांबवलं असतं.

होज बदलताना लोखंडी पाइपचा नट हीच एक भीती. उघड्या तोंडाच्या साध्या पान्याने तो गोल होतो आणि मग सबंध पाइप बदलायची वेळ येते. त्यासाठी नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा, पाइप आत जाण्यापुरती फट असलेला पाना मिळतो. तो नसेल तर हे काम घरी करू नये, इतकं माझं मत स्पष्ट आहे. होज बसल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून बघितलं, कुठे घासत किंवा ताणला जात नाही ना.

एअर काढायला काका पेडलवर बसले. त्याआधी त्यांनीच पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगितला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पलीकडे गंज आणि खडबडीतपणा साठलेला असू शकतो, पेडल पूर्ण तळाला नेलं की आतलं सील त्यावर घासून कापलं जातं. ठोकळ्याने तो धोका टळतो. मग भाऊ चाकाशी, काका आत, मी टाकीवर नजर ठेवून.

"दाबा काका."

"दाबलं. धरलंय."

निपल पाव फेरा उघडायची, पारदर्शक नळीतून तपकिरी ऑइल आणि त्यातले बुडबुडे बाहेर येताना बघायचे, निपल बंद.

"सोडा."

क्रम बदलला आणि निपल उघडी असताना पाय वर आला, तर बाहेरची हवा आत खेचली जाते. म्हणून "बंद" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे काकांना एकदाच सांगावं लागलं. कुठल्या चाकापासून सुरू करायचं हे गाडीगणिक वेगळं असतं, आम्ही सर्व्हिस मॅन्युअलमधला क्रम धरला. नळीतून स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत चारही चाकं केली, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या जवळपास संपल्या. टाकी एकदाही किमान खुणेच्या खाली जाऊ दिली नाही. ती रिकामी झाली तर हवा एबीएसच्या युनिटात अडकते आणि ती काढायला स्कॅनर जोडून आतला पंप चालवावा लागतो. एकदा टाकीच्या कडेला थेंब सांडले ते लगेच पाण्याने धुतले, कारण हे ऑइल रंग खातं.

काका म्हणाले, "एसटीला ब्रेक लागायला हवा लागते, तुमच्याकडे तीच बाहेर काढायला एवढी मेहनत." एसटीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळे त्यांच्या नोकरीत ऑइल उकळण्याचा प्रश्नच नव्हता. तिथलं दुखणं लायनर आणि ड्रमचं.

शेवटी चाकांचे नट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला, ताऱ्यासारख्या क्रमाने. गाडी सुरू करून पेडल घट्ट लागेपर्यंत दाबलं, मगच गॅरेजबाहेर काढली. पॅड मागे ढकललेले असताना पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं, हे विसरून बरेच जण समोरच्या भिंतीला भेटले आहेत.

पुन्हा लागुना सेका

गाडी ट्रॅकवर नेण्याआधी पुढच्या डिस्कच्या कडेवर उष्णतेचे रंग लावले: हिरवा, केशरी, लाल. हे रंग ठरावीक तापमानाला कायमचे बदलतात, अनुक्रमे ४३०, ५६० आणि ६१० अंशांना. कॅलिपरवर तापमानाच्या पट्ट्या चिकटवल्या, ज्यांच्यावरचा एकेक चौकोन जितकं तापमान गाठलं तितका काळा होतो. दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत, आणि अंदाजावर हजारो डॉलर घालवण्यापेक्षा कितीतरी बऱ्या.

पहिलं सेशन पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवण्यासाठी. आधी मध्यम, मग वाढत्या जोराचे ब्रेक, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. यात पॅडच्या मटेरियलचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. मग ब्रेक न वापरता सावकाश लॅप, आणि पॅडॉकमध्ये पेडल न दाबता उभं राहायचं. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून धरला की तिथे ठसा उमटतो. "डिस्क वाकली" म्हणून लोक जी थरथर सांगतात, ती बहुतेक वेळा या असमान थराची असते. हॅन्डब्रेकही ओढला नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळे लावले.

दुपारच्या सेशननंतर मोजमाप केलं. दोन्ही पुढच्या डिस्कवर हिरवा बदललेला, केशरी जसाच्या तसा. म्हणजे डिस्क ४३० च्या वर गेल्या, ५६० च्या खाली राहिल्या. नव्या पॅडना हे तापमान आरामात चालतं, जुन्या रस्त्यावरच्या पॅडना ते चाललं नसतं. कॅलिपरच्या पट्ट्या डावी-उजवीकडे सारख्या, १८० अंशांच्या आसपास. मला सगळ्यात समाधान देणारा आकडा हा होता, कारण दोन बाजूंमधला फरक संपला होता. आणि ३१२ पासून १८० बरंच लांब आहे. पेडल शेवटच्या लॅपला सकाळच्याच जागी होतं. गाडी ज्या वळणावर मातीत उतरली होती, त्याच वळणावर भावाने दिवसभर निर्धास्त ब्रेक मारले.

सगळंच छान झालं असं नाही. हे पॅड थंड असताना सुस्त आहेत. सकाळी सनीव्हेलच्या पहिल्या सिग्नलला ते जाणवतं आणि घरच्या माणसाने अचानक गाडी घेतली तर धोक्याचं आहे. किंचाळतात. त्यांची धूळ चाकाच्या रंगावर ओली राहिली तर गंजाचे ठिपके पाडते. म्हणून भाऊ आता ट्रॅकच्या आदल्या दिवशी पॅड बदलतो आणि परतल्यावर रस्त्याचे पॅड पुन्हा लावतो.

मागच्या डाव्या पॅडची झीज अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. गाडीचं स्थिरता-नियंत्रण स्पोर्ट मोडमध्ये चालू होतं, आणि गाडी सांभाळायला ते एकेका चाकाचा ब्रेक स्वतःहून लावतं. ड्रायव्हरला कळतही नाही आणि पॅड तापत राहतो. ते पूर्ण बंद करायचं का, हा ब्रेकचा प्रश्न नाही, ड्रायव्हिंगचा आहे. मी त्याला एखादा कोच शेजारी बसवून घेतल्याशिवाय बंद करू नको असं सांगितलंय.

भारतात हेच करू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगसाठी जाणाऱ्यांना यातलं बरंचसं लागत नाही, तिथे एकच जोराचं ब्रेकिंग असतं आणि नंतर निवायला भरपूर वेळ. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट, इथे उष्णतेचा हिशेब वर मांडला तोच, वर मे महिन्याची हवा. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. डॉट ४ ऑइल आणि मूळ मापाचे पॅड ही देखभाल झाली. मोठे कॅलिपर टाकण्याआधी मात्र आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावं.

भावाची किटची ऑर्डर अजून गेलेली नाही. पुढे कधी टर्बो बसवला किंवा स्लिक (नक्षी नसलेले, रेसिंगचे) टायर टाकले आणि केशरी रंगही बदलायला लागला, तर आधी तीन इंची पाइपने डिस्कच्या मध्यावर वारा आणायचा आणि त्यानेही भागलं नाही तरच किट, असं ठरलंय. सध्या प्रत्येक ट्रॅकच्या दिवसाआधी चारही निपलमधून थोडं ऑइल काढतो, पिना हाताने सरकवून बघतो, सेशनच्या मधे नटांचा टॉर्क तपासतो. पुढचे पॅड अर्ध्यावर आले की ट्रॅकसाठी बाद. मागच्या खेपेला उजवीकडचा आतला पॅड ८.४ मिलिमीटर भरला, बाहेरचा ८.६.